सहलीला न गेलेली अकरा मुले

मागच्या हिवाळ्यात शाळेची सहल निघाली तेव्हा आमच्या चंद्रपूरच्या वस्तीतली अकरा मुले घरीच राहिली. कारण सांगायची गरज नाही, वाचकांपैकी अनेकांच्या घरात ते असेलच. आम्ही दोघे नवरा-बायको. एक ऑटो चालवतो, एक अंगणवाडीत मदतनीस. आमचा धाकटा त्या अकरांतला. "मला जायचंच नव्हतं," असे तो म्हणाला. पैसे मागितले असते तर बरे, असे आम्हाला वाटले.

आमची मोठी मुलगी बी.एस्सी. करते. हप्त्यावर घेतलेला एक लॅपटॉप घरात आहे. ती म्हणाली, "आपणच नेऊ यांना." मग तिने आम्हाला गूगल अर्थ दाखवले. आकाशातून काढलेली छायाचित्रे जोडून केलेला तो पृथ्वीचा गोळा आहे, 2005 पासून फुकट मिळतो. त्यावर हव्या त्या जागी खूण लावता येते. खुणेला मराठीत माहिती जोडता येते, फोटो जोडता येतो, किती उंचीवरून बघायचे ते ठरवता येते. खुणा ओळीने लावल्या की एक बटण दाबत दाबत या गावाहून त्या गावाला उडत जायचे. इंटरनेट मात्र लागते. ते तिने आपल्या मोबाइलवरून दिले.

तिने पंधरा दिवस रात्री बसून सहल बांधली. रविवारी शेजारच्या काकांचा टीव्ही विहारात आणला, वायरने लॅपटॉपला जोडला आणि मुले सतरंजीवर बसली.

पहिला मुक्काम म्हणजे आमचीच वस्ती! पत्र्यांवरच्या पाण्याच्या टाक्या ओळखताना जो गोंधळ झाला, त्यातच अर्धा तास गेला. पुढे गोंड राजांचा परकोट. सुमारे अकरा किलोमीटरची ती भिंत वरून एका नजरेत दिसते. जटपुरा गेटमधून दिवसातून दहादा ऑटो काढणाऱ्या आमच्या घरातल्या माणसाला परकोटाचा आकार त्या दिवशी कळला.

मग दीक्षाभूमी. नागपूरनंतर दोन दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. वरून नुसती छपरे आणि मोकळे मैदान. पण आमची आई, म्हणजे मुलांची आजी, मागे खुर्चीवर बसली होती. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची. "बापाच्या खांद्यावर होती मी. मानसंच मानसं, बाकी काही ध्यानात नाही," ती म्हणाली. मुलीने लगेच मोबाइलवर आजीचा आवाज भरून घेतला.

इथून भद्रावती जवळच. विजासनच्या बौद्ध लेण्यांवर मुलगी थांबली आणि मुले निराश झाली. दिसली फक्त टेकडी. लेणे तर डोंगराच्या पोटात: सरळ आत जाणारी लांब गल्ली आणि टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. आकाशातल्या कॅमेऱ्याला ते कसे दिसणार? रस्त्यावर उभे राहून चारी बाजूंना बघता येते अशी सोयही गूगलने केली आहे, पण 2022 साली भारतात ती सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होते, आपले चंद्रपूर नव्हते. असो.

गडचिरोलीत शिरलो. हा जिल्हा 1982 मध्ये आपल्याच चंद्रपुरातून वेगळा झाला. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरेकडे कशी वळते ते भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे चांगले दिसले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावी मात्र सगळे हिरवेगार, रेष कुठेच नाही. मुलीने सांगितले, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाच्या ग्रामसभेला 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. "मग तो दिसत का नाही?" एका मुलाने विचारले. हक्काचा फोटो निघत नाही, असे काहीसे उत्तर आम्ही दिले. त्याला ते पटले नाही. शेवटी सिरोंच्याला, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे, सहल संपायची होती.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "आता आजीचं गाव."

आमच्यापैकी कोणी बोलले नाही. आजीचे गाव कोळशाच्या खाणीत गेले, त्याला तीस वर्षे होत आली. मुलीने जागा काढली. करडा-काळा खड्डा, त्यात पायऱ्या पायऱ्यांसारखे रस्ते, मुंगीएवढे डंपर. आजी खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ आली.

"हे तं नुसता खड्डा हाय व पोरी."

मुलीने 1984 पासूनची वर्षे एकामागून एक दाखवणारी सोय उघडली. पण ती जुनी छायाचित्रे फार जाडीभरडी असतात. त्यातल्या एका ठिपक्यात तीस मीटरचा चौकोन येतो, दोन-चार घरे त्यात बुडून जातात. हिरवा-तपकिरी डाग दिसला. वर्षे पुढे सरकवली तसा एका बाजूने काळा रंग चढत गेला आणि डाग गेला. तिने वर्षे पुन्हा मागे नेली. आजीने पडद्यावर बोट टेकवले. "इथं नाला. नाल्याच्या अलीकडं आमचा मोहल्ला. आमची विहीर निराळी होती." विहीर निराळी का, हे एका मुलीने विचारले. आजीने ते सांगितले. तेही सगळे भरून घेतले आहे.

मुलीने खड्ड्यात खूण लावली आणि नाव लिहिले, आजीचं गाव.

पडद्यावरची सहल ही खरी सहल नव्हे, हे आम्हाला कळते. म्हणून महिनाभराने दोन ऑटो करून, डिझेलचे पैसे सगळ्यांनी वाटून, अकराही मुलांना विजासनला नेले. लेण्यात अंधार होता. मोबाइलच्या उजेडात मुलगी फोटो काढत होती, सहलीत जोडायला. धाकटा भिंतीला हात लावून टोकापर्यंत गेला आणि पावले मोजत परत आला.

घरी आल्यावर आजीने नवे फोटो पाहिले. मग आपल्या गावाची खूण पुन्हा उघडायला लावली. "विहीर त्या बाजूला नाही. नाल्याच्या पलीकडं सरकव थोडी," ती म्हणाली. मुलीने सरकवली. "अजून थोडी."