चोडणच्या वाटाड्याचं ऋण

माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे काम केलं त्याची थोरवी मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली, आणि ती कळली गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका वाटाड्यामुळे. तो मला भेटला एका दिवसापुरता. त्या दिवसाचं देणं मात्र माझ्या अंगावर आहे, आणि ते कुठेतरी नोंदवून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर भिवंडी तालुक्यातलं, उल्हास नदीच्या खाडीकाठचं. शेती खारी. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात पाण्याची ये-जा राखणारी उघाडी. वडील पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर फेरी मारत. खांड पडली की हाकारे व्हायचे आणि गावातला जो तो घमेलं घेऊन धावायचा. आई ओहोटीला चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या आणायची. आम्ही भावंडं त्यावरच वाढलो. पण मला त्या कामाची ओढ कधी वाटली नाही. भूगोलाच्या पुस्तकात नाईल होती, अ‍ॅमेझॉन होती, आमची खाडी कुठेच नव्हती. जे पुस्तकात नाही ते शिकण्यासारखं नसणार, असा माझा साधा समज. तिवराचं झाड म्हणजे जळण, आणि बांधावरचा चिखल म्हणजे शाळेत जाण्याआधी पायावरून धुवायची गोष्ट. वडील भाताच्या वेळी काही सांगायला लागले की मी जेवून उठायचे.

लग्न होऊन वडप्याला आले तेव्हा इथेही भातशेती होती. पुढे मुंबई-नाशिक महामार्गाचा वडपे ते गोंदे हा टप्पा चौपदरी झाला, आणि वावरांच्या जागी एकेक गोदाम उभं राहत गेलं. आता जवळच आमण्याला समृद्धी महामार्गाचं टोक आहे. रात्रंदिवस कंटेनर चालू असतात. या गोदामांनी आमची घरं चालवली, हे मी मनापासून मानते. मलाही एका गोदामात आवक-जावक नोंदवायचं काम मिळालं. कुठल्या बंदरातून कुठला माल आला, कुठल्या ट्रकमध्ये चढला, हे मला झोपेतही सांगता येईल. पण माझ्याच तालुक्यातल्या खाडीला आज भरती किती वाजता, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आमचा महिलांचा बचत गट वर्षाचा हिशोब झाला की सहल काढतो. वणीची सप्तशृंगी नाहीतर शिर्डी, हे ठरलेलं. समृद्धीचा शेवटचा टप्पा उघडायच्या आधीच्या हिवाळ्यात गटातल्या एकीच्या मुलाने वेगळंच सुचवलं. गोव्यात बॅटरीच्या सायकलीवरून दिवाडी बेट बघायचं, मग कयाकमधून चोडणची खाडी, आणि दिवसभर वाटाड्या बरोबर. आम्ही सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या. काहींनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नव्हता. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला पाण्याची धास्ती. तरीही एकमेकींच्या भरवशावर रात्रीची कोकण रेल्वे धरली आणि सकाळी करमळीला उतरलो.

वाटाड्या जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभा होता. पस्तिशीचा असेल. बोलणं मराठी, पण मधूनमधून कोंकणीकडे झुकणारं. आम्ही त्याला दादा म्हणू लागलो, तो आम्हाला ताई. त्याने आधी सायकल समजावली. पायडल मारलं की मोटर साथ देते, पाय थांबले की तीही थांबते. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर आपल्याकडे परवानाही लागत नाही आणि नोंदणीही नाही. मग त्याने आमच्यातल्या सगळ्यांत वडील काकूंना बोलावलं. त्यांचे पाय थरथरत होते. त्याने त्यांना रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि आम्हाला सांगितलं, "आज या नेतील त्या वेगाने जायचं. यांच्या पुढे कुणी जायचं नाही." काकूंच्या बाजूने तो पायी चालत राहिला. "सवकाश, ताई, सवकाश," एवढंच म्हणत. फेरीबोटीतून दिवाडीला उतरेपर्यंत काकूंचा हात सुटला होता.

त्या एका गोष्टीने माझ्या कामाची रीत बदलली. गोदामात नवी मुलगी आली की आम्ही तिला रांगेच्या शेवटी उभं करायचो. बाकीच्यांचा वेग बघून ती शिकेल, अशी आमची समजूत. बहुतेक जणी घाबरून जायच्या. आता नवी मुलगी माझ्या शेजारी, रांगेच्या तोंडाशी असते, आणि पहिले काही दिवस काम तिच्या वेगाने चालतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकायला मिळालं नव्हतं.

दिवाडी म्हणजे मांडवीच्या पाण्याने वेढलेलं बेट. पिएदादच्या टेकडीचा चढ आम्ही न उतरता चढलो. मोटरने गुडघ्यांचा भार उचलला. वर चर्चजवळच्या दफनभूमीत एक लहानशी वास्तू आहे आणि तिच्यात कदंब काळातलं दगडी कोरीवकाम आजही दिसतं. कदंब राजांचा कुलदेव सप्तकोटेश्वर मूळचा या बेटावरचा. मंदिर पाडलं गेल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. दादाने हे सगळं सांगितलं. कुणाबद्दल आवाज चढवला नाही. चर्चसमोरून जाताना त्याने हात जोडले आणि नार्व्याच्या दिशेलाही जोडले.

टेकडी उतरल्यावर त्याने सायकली एका बांधावर थांबवल्या. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली खाचरं. मध्ये दगडी बांधकामात बसवलेली लाकडी दारं. गोव्यात याला मानस म्हणतात. आमच्या उघाडीचंच हे भावंड, हे बघताक्षणी कळलं. दादाने विचारलं, "कुणाच्या घरी खारी शेती होती का?" मी हात वर केला. "मग तुम्हीच सांगा, ताई. ही दारं कुठल्या बाजूला उघडतात?"

मला सांगता येईना. ज्या बांधावर लहानपण गेलं त्याच्या दाराची बाजू मला ठाऊक नव्हती.

दादा हसला नाही. त्याने मला वाकून बघायला सांगितलं. पाण्याने काळी पडलेली फळी, तिच्यावर चिकटलेली कालवं, फटीतून आतलं पाणी खाडीकडे झिरपत होतं. दारं खाडीच्या बाजूला उघडतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. भरती चढू लागली की खाडीचंच पाणी त्यांना दाबून बंद करतं. माणूस झोपलेला असला तरी दार आपलं काम करतं. पावसाळ्यात आकाशाचं पाणी मातीतला खार धुऊन काढतं आणि मग खारं पाणी सोसणारं कोरगुट भात पेरतात. कापणी झाली की दारं उघडून खाडी आत घेतात, आणि त्याच शेतात कोळंबी आणि मासळी मिळते. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी मिळून सांभाळलेली ही खाजणं आहेत. चोडणला त्याचंही खाजण होतं. सहली नसतील तेव्हा तो बांधावर असायचा.

"वडील आहेत का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "मग त्यांना विचारा. ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील."

माझ्या वडिलांना न बघता त्यांच्या कामाला एवढा मान देणारा तो पहिला माणूस.

दुपारी फेरीने रायबंदर आणि तिथून चोडणला गेलो. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून दादाच्या सहलीची वेळही रोज वेगळी. भरतीबरोबर आत शिरायचं आणि ओहोटीबरोबर परतायचं, म्हणजे वल्हवायला जोर लागत नाही. बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. त्या बाजूच्या खाडीत आम्ही कयाक सोडले. प्रत्येकीच्या अंगात लाइफ जॅकेट, एका कयाकमध्ये दोघी. वल्हं हाताने ओढायचं नाही, कमरेतून वळायचं, हे त्याने काठावरच करून घेतलं होतं. काठावरून सुटल्यावर थोड्याच वेळात आमच्या बोलण्याचा आवाज आपोआप खाली आला.

आत तिवरांची गर्दी होती. दादाने एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "जीभ लावा." खारट. पानाच्या अंगावर मिठाचे बारीक कण दिसत होते. तिवर खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं श्वास घेण्यासाठी असतात, कारण त्या चिखलात हवा नसते. कांदळाच्या फांद्यांना लांब हिरव्या शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं. ती शेंग नव्हे, झाडावरच रुजलेलं रोप. बी जमिनीवर पडून रुजायची वाट बघेल तर भरतीने वाहून जाईल, म्हणून कांदळ आपलं लेकरू वाढवूनच खाली सोडतो. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. आईच्या टोपलीत बघितलेल्या निवट्या मी पहिल्यांदा त्यांच्या घरी बघितल्या.

जळण म्हणून तोडलेल्या या झाडांनीच आमचा बांध लाटांपासून राखला होता. हे वडिलांना माहीत असणार. मी कधी विचारलं नव्हतं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी माहेरी गेले. वडील ऐंशीच्या घरात. उघाडीची दारं कुठल्या बाजूला उघडतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बोलायला लागले. बांधासाठी माती कुठली घ्यायची, पेंढा कसा दाबायचा, खांड पडली तर मधून भरायची की कडेने, कुठल्या उधाणाला जागं राहायचं, कुठल्या बाजूची तिवरं तोडू द्यायची नाहीत. गोदामाच्या डायरीतल्या कोऱ्या पानांवर मी ते लिहून घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, आणि जमेल तेव्हा जात राहिले. आमच्यात इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. त्यानंतरच्या पावसाळ्यात वडील गेले. त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत माझ्याकडे आहे, ते चोडणच्या त्या माणसाने विचारायला लावलं म्हणून.

पुढे मी वाचायला लागले. उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनं तोडण्याला राज्यभर सक्त मनाई केली. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. ठाणे खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. हे अभयारण्य वडप्याहून तासा-दोन तासांच्या अंतरावर. सवड मिळते तेव्हा गोदामातल्या मुलींना मी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन जाते. त्यातल्या बऱ्याच जणी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या. त्यांच्या हातात तिवराचं गळलेलं पान देते आणि जीभ लावायला सांगते. त्यांना कांदळ समजावताना शब्द माझे नसतात. काही दादाचे असतात, काही वडिलांचे.

दादाला मी त्यानंतर फोन केला होता. डायरीत लिहून घेतलेल्या वडिलांच्या बोलण्याबद्दल सांगितलं. बांध भरायची आमच्याकडची रीत त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतली आणि म्हणाला, यंदा करून बघतो. माझ्या वडिलांचं थोडंसं शहाणपण चोडणच्या खाजणात गेलं, याचा मला आनंद आहे. त्याने ऋण फिटत नाही, आणि फिटावं असंही वाटत नाही.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. दिवाडी-चोडणला गेलात तर तिथलाच वाटाड्या घ्या, वेळ त्याला त्याच्या भरती-ओहोटीप्रमाणे ठरवू द्या, आणि त्याच्या शेताबद्दल विचारा. घरी परत आलात की आपल्या आई-वडिलांनी हाताने जे काम केलं ते कसं करायचे, हे त्यांच्या तोंडून ऐका आणि लिहून ठेवा. ती माणसं आहेत तोवरच हे होण्यासारखं आहे.