पावशेराचे वजन

आमच्या नातवास लोक ‘डीजे’ म्हणतात. मला माझ्या उमेदीच्या काळात ‘रेकॉर्डवाला’ म्हणत, आणि लग्नघरच्या बायका तर नुसते ‘भोंगेवाला’ म्हणून मोकळ्या होत. धंदा तत्त्वतः एकच. फरक इतकाच की, त्याला धास्ती असते ती पोलिसांची, आणि मला होती ती सूर्याची. ठाण्यातून लाउडस्पीकरचा परवाना मिळवण्यासाठी दरखास्त, शिक्का आणि फौजदारसाहेबांची मर्जी एवढी तजवीज पुरे होई. परंतु वैशाखातल्या उन्हापुढे कोणाचीच दरखास्त चालत नसे.

धानाचा पैसा हाती येऊन शेते मोकळी पडली की आमच्या भंडारा जिल्ह्यात लग्नांचा हंगाम सुरू होतो, म्हणजे नेमका त्या दिवसांत जेव्हा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. रेकॉर्डीचे विनाइल ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि काळी वस्तू पत्र्याच्या पेटीत घालून उन्हात ठेवल्यावर तिला तेथवर पोहोचण्यास वरातीइतकाही वेळ लागत नाही. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी दगडाची पूड आणि काजळी लाखेने बांधून केलेल्या असत. त्या पडल्या की फुटत आणि तापल्या की वाकत. ती लाख म्हणजे पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेले घर. आमच्या आणि गोंदियाच्या जंगलांत तिचे उत्पन्न जुने (गोंदिया १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता, हे नव्या पिढीस सांगावे लागते). वरठीच्या स्टेशनावर कलकत्त्याकडची पार्सले उतरताना पाहून मला पुष्कळदा वाटे की, आमच्याच पळसावरची लाख दमदमच्या कारखान्यात जाऊन, गाणे शिकून, पुन्हा आमच्याच उन्हात वितळण्यासाठी माहेरी परत येत असेल. हिशेबात न बसणारी ही कल्पना मी तेव्हा कोणास सांगितली नाही.

वाकड्या रेकॉर्डीच्या दोन जाती. एक ‘बशी’: कडा चोहोबाजूंनी सारख्या उचललेल्या, रेकॉर्ड मध्यावरच टेकलेली, त्यामुळे खालची थाळी फिरते आणि रेकॉर्ड घसरत मागे राहते. दुसरी ‘लाट’: एका बाजूस उंचवटा, ज्यावर सुई दर फेऱ्यास चढते आणि उतरते. बशीवर उपाय सोपा होता. दशमान पद्धतीने शेर-छटाकांना निकालात काढले तेव्हा आमच्या घरचे पावशेराचे पितळी वजन रिकामे पडले होते. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. भंडारा हे पितळेचे गाव. आळीतल्या कासाराने त्यास मधोमध भोक पाडून दिले, आणि ते रेकॉर्डीच्या कागदी चकतीवर ठेवले की बशी निमूटपणे फिरू लागे.

लाट मात्र फसवी. लाँगप्ले मिनिटास ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद, तेवढ्या अंतराने स्वर एकदा ओढला जातो, एकदा सोडला जातो. सुई उडू नये म्हणून आम्ही तिच्या डोक्यावर अडीच ग्रॅमची पावली चिकटवत असू. त्याने सुई टिके, खोबणी झिजे, आणि नफ्याचा धंदा हळूहळू तोट्यात जाई. १९७६ च्या मे महिन्यात पवनीच्या बाजूस एका लग्नाला निघालो असता माझी पेटी मोटारीच्या टपावर चढवण्यात आली, आणि मी आत सावलीत बसून राहिलो, हा अपराध माझाच. मांडवात पेटी उघडली तेव्हा चाळीसपैकी अकरा रेकॉर्डी वाकल्या होत्या, त्यांत ‘शोले’च्या संवादांची नवीकोरी लाँगप्ले. वऱ्हाडाने तीच मागितली. मी लावली; डाकूच्या तोंडची धमकी दर पावणेदोन सेकंदांनी लडखडू लागली, तसा मागून एक म्हातारा ओरडला, “मामाजी, गब्बर मोहाची पिऊन आला का जी?” मांडव हसला, वधूपिता हसला, आणि बिदागीतून दहा रुपये मात्र कापून घेतले.

रेकॉर्ड सरळ करण्याची रीत मी त्या नुकसानीपासून शिकलो. खिडकीच्या काचेचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, मलमलीने पुसावेत. मधे धुळीचा एक कण राहिला तरी तो खोबणीत कायमचा रुतून बसतो. रेकॉर्ड मधे ठेवून काचा अंगणात उन्हात मांडाव्यात, आणि वरच्या काचेवर तळहात टेकवता येतो तोवरच राहू द्याव्यात. हात झटकावा लागला तर समजावे की रेकॉर्ड सपाट होईल, पण तिच्याबरोबर गाणेही सपाट होईल. मग सावलीत आणून वर पाण्याने भरलेली पितळी घागर ठेवावी आणि रात्रभर तिकडे फिरकू नये. घाईने उचललेली रेकॉर्ड जुन्याच वळणावर जाते. माझ्या अर्ध्याअधिक रेकॉर्डी मी अशा वाचवल्या; उरलेल्यांचे वळण मला इतके पाठ झाले की, अंधारात कडेवरून बोट फिरवून ही साकोलीची, ही लाखनीच्या पाटलाकडची, असे मी सांगू शकत असे.

नातवाने यंदा हौसेने दोन टर्नटेबले आणि नव्याने दाबलेली एक रेकॉर्ड मागवली. कुरियर आले मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. पाकीट फोडून तो माझ्याकडे आला, “आबाजी, नवी आहे, तरी डोलून राह्यली.” परत पाठवण्यासाठी तो फोटो काढू लागला होता. मी त्याला आधी ती वाजवावयास सांगितली, डोळे मिटले आणि मनगटावरच्या घड्याळाऐवजी बोटांवर मोजू लागलो. लाट एकच होती, उथळ. त्याला माळ्यावरून काचा काढावयास पाठवले. घागर आता घरात नाही, म्हणून स्वयंपाकघरातला कुकर पाण्याने भरला, आणि पावशेराचे वजन शोधण्यासाठी मी देवघराशेजारचा खण उघडला.