घरची सुरी

सत्तरी ओलांडलेल्या आणि उभा जन्म खातेवह्यांत आकडे उतरविण्यात घालविलेल्या गृहस्थाने हाती कानस का घ्यावी, असा प्रश्न आमच्या स्नेह्यांनी आम्हांस वारंवार विचारला आहे. 'सुऱ्या बाजारात मिळत नाहीत काय?' हा त्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ. मिळतात, राणीगंजच्या दुकानांत हव्या तितक्या मिळतात. आमची अडचण निराळी होती.

दोन वर्षांपूर्वी सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर मांडी घालून बसण्यास बंदी केली. आमच्या आईच्या वेळची विळी त्या दिवशी माळ्यावर गेली. विळीवर पाते स्थिर असते, हात हलतो, आणि भाजी धरावयास दोन्ही हात मोकळे राहतात. सुरीचे सारे उलट. पन्नास वर्षे भाजी पात्याकडे नेणाऱ्या हातांना आता पाते भाजीकडे न्यावयाचे होते. त्यातून बाजारची सुरी हलकी, तिची मूठ गुळगुळीत. संधिवाताने जाड झालेल्या बोटांत ती फिरे. सौ. काही बोलली नाही. कोशिंबिरीतील काकडीचे तुकडे मोठे होऊ लागले, आणि एके दिवशी पानात किसलेला कोबी आला. ज्या घरात कोबी केसासारखा बारीक चिरला जात असे, तेथे किसलेला कोबी ही लहानसहान घटना नव्हे. आम्ही मुकाट्याने जेवलो. पण घास गोड लागला नाही.

या छंदाच्या वाटेवर आमच्या आधी पुष्कळ जण गेले आहेत. अमेरिकेत बिल मोरान या कारागिराने 1973 साली थरांवर थर जोडून घडविलेली नक्षीदार पाती प्रदर्शनात मांडली, आणि 1976 साली तेथे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. तिची परीक्षा वाचून आमची छाती दडपली. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने इंचभर जाडीचा टांगता दोर एका घावात तोडावयाचा; मग लाकडाचा वासा दोनदा तोडावयाचा; इतके झाल्यावर त्याच धारेने हातावरील केस उतरवावयाचे; आणि अखेरीस ते पाते पकडीत धरून काटकोनात वाकवावयाचे. मोडले की उमेदवार नापास! पोटापाण्याचा धंदा निराळा असलेली माणसेही या परीक्षेसाठी वर्षानुवर्षे खपतात.

पण हैदराबादेत बसून अमेरिकेचे कौतुक करणे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. आपल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् गावी एके काळी मुशीत लोखंड वितळवून असे पोलाद होई, की ते नेण्यास इराणचे व्यापारी तेथवर येत. वॉयसी नावाच्या इंग्रजाने लिहिलेले त्या भट्ट्यांचे वर्णन 1832 साली प्रसिद्ध झाले. विलायतेत याच जातीच्या हिंदी पोलादाचे पृथक्करण 1819 साली मायकेल फॅरडेने करून पाहिले. फॅरडे हा लोहाराचाच मुलगा. तेव्हा लोखंडाविषयीची ती ओढ घरातलीच म्हणावयाची.

आमचे पोलाद मात्र मोडक्या मालमोटारीच्या कमानीचा एक पाटा, भंगारातून वजनावर घेतलेला. तो तांबडालाल तापवून रात्रभर राखेत पुरला, म्हणजे कानशीला दाद देण्याइतका मऊ झाला. पुढचे तीन आठवडे गच्चीवर कानस चालली. शेजाऱ्यांनी प्रथम चौकशी केली, मग तक्रार केली, मग नाद सोडला.

खरी कसोटी पाणी देण्याची. आपल्या भाषेने हत्याराच्या आणि माणसाच्या तेजाला एकच शब्द ठेवला आहे. त्या शब्दावर विसंबून आम्ही लाल पाते सरळ बादलीत बुडविले. 'टच्' असा आवाज झाला आणि धारेपासून कण्यापर्यंत केसाएवढी चीर गेली. तीन आठवडे पाण्यात गेले, हे येथे अक्षरशः खरे आहे.

मग आम्ही शरण गेलो ते एका वृद्ध लोहारदादांना. त्यांनी चीर पाहिली, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "पानी नक्को साब, तेल में डालो." कमानीच्या पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, तेल त्याला जरा दमाने थंड करते. किती तापवावे याची खूणही त्यांनीच दाखविली. सुमारे 770 अंशांवर लोखंड लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे वर गेले की बुडवावे. बुडविलेले पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा 200 अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकावे लागते. त्यासाठी आम्ही घरातील ओव्हन बळकाविला. त्यानंतरच्या नानकटाईला तेलाचा वास आला, हे कबूल केले पाहिजे.

मूठ आमच्या मोडलेल्या शिसवी झोपाळ्याच्या तुकड्याची केली. मापासाठी सौ.च्या हातात भिजवलेल्या कणकेचा गोळा देऊन तो घट्ट आवळावयास सांगितला. "अहो, हे काय नवीन?" असे ती म्हणाली, पण आवळला. त्या गोळ्यावर उमटलेली वाकडी बोटे पाहिली तेव्हा पन्नास वर्षांत हा हात आपण नीट पाहिलाच नव्हता, हे आमच्या ध्यानी आले. मुठीतील खाचा आम्ही त्या बोटांबरहुकूम कोरल्या.

खंडेनवमीला सुरीची पूजा झाली. माळ्यावरची विळीही खाली आली आणि शेजारी आडवी बसली. दुसऱ्या दिवशी सौ.ने ओट्याशी उभ्याने कोबी चिरला. आम्ही दारात उभे होतो.

"कैरी चिरली तर काळी पडेल हो हिच्यावर," ती म्हणाली.

"विळीवरही पडत असे," आम्ही म्हणालो.

"ते खरंच." तिने पाते पुसून कोरडे केले, मूठ हातात फिरवून पाहिली. "करंगळीपाशी जरा जाड झाली आहे बघा."

आम्ही कानस घेऊन गच्चीवर गेलो.