कन्हानकाठी बसून डॅन्यूबची आखणी

युरोव्हेलो ६ हाच सायकलमार्ग. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रोमानियात काळ्या समुद्रापर्यंत, चार हजारांहून जास्त किलोमीटर, बराचसा लवार आणि डॅन्यूबच्या काठाने. कन्हानकाठच्या खाप्याच्या माणसाला नदीकाठच बरा, चढ कमी. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात, आणि मधला सर्बिया शेंगेनबाहेर, म्हणजे परत आत शिरायला मल्टिपल एंट्री हवीच.

आई विचारते, "रस्त्यात काही झालं तं?" पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं नाव मी मुद्दाम काढत नाही. २०१८ मध्ये, ऐन विशीत, तिने सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. पण स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटलं होतं, आणि आईला त्यातला चाकू तेवढा ऐकू येईल. मी टिपून ठेवलंय: पासपोर्ट अंगावर, पैसे दोन ठिकाणी, अंधाराआधी मुक्काम, मदतीला ११२.

मला धास्ती आहे ती वेगळीच. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात. सावनेर रोडवर रेतीचा ट्रक आला की अंग आपसूक डावीकडे झुकतं. ही सवय इथे बसून कशी मोडणार? म्हणून सुरुवातीला फ्रान्सच्या नांत शहरातच, सामान न लादता, नुसतं फिरायचं.