झाकली मूठ

‘आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. कदाचित उच्चारलेही असेल. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची जास्तीची प्रत राहून जाते, एखादे नवे ॲप फोनमधील सगळे नंबर वाचण्याची परवानगी मागते, कचेरीतल्या संगणकाचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर सापडतो. अशा वेळी हे वाक्य सहज ओठांवर येते. ज्याने लबाडी केली नाही त्याने कशाला भ्यावे, असा साधा न्याय त्यामागे असतो. त्या न्यायातील प्रांजळपणाविषयी मला आदर आहे. तरीही त्यात एक गफलत आहे, असे कचेरीत अनेक वर्षे काढल्यावर मला वाटू लागले आहे.

ही गफलत गुपित आणि खासगी या दोन गोष्टी एकच मानण्याची आहे. आपली जुनी घरे आठवून पाहा. वाटसरू पडवीत टेकत असे, ओळखीचा माणूस ओटीपर्यंत येई, माजघरात मात्र घरचे आणि आप्तच वावरत. माजघरात काही पाप चाललेले नसे; तेथे धान्य निवडले जाई, लेकरे निजवली जात, आजाऱ्याची शुश्रूषा होई. कोणाला कोठवर येऊ द्यायचे हे घरच्यांनी ठरवायचे, एवढाच त्या उंबरठ्याचा अर्थ होता.

खासगीपणाची कल्पना पश्चिमेकडून आली, आपल्याकडे सगळे उघड्यावरच चालते, असेही मत ऐकू येते. पण होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन स्वतंत्र हिशेब होते. राज्याचे काय आणि घराचे काय, ही रेघ आपल्या भाषेला अपरिचित नव्हती. आधार योजनेला आव्हान देणाऱ्या, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून जो प्रश्न उभा राहिला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असून राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात तो अंगभूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. माजघराचा उंबरठा असा घटनेनेही मान्य केला.

आता कचेरीत मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. वैद्यकीय खर्चाची बिले मंजूर होण्याच्या सुमारास कोणीतरी सगळ्यांची मिळून एक्सेलमध्ये यादी केली: नाव, पद, आजार, रुग्णालय, रक्कम. प्रत्येकाने आपल्या नावापुढची रक्कम तपासावी, या सद्हेतूने ती यादी सर्वांना पाठवली गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती व्हॉट्सॲपच्या गटातही पोहोचली. त्या यादीत एका सहकारी बाईंच्या नावापुढे मानसोपचाराचा उल्लेख होता. कोणी त्यांना दुखावणारा शब्द बोलले नाही. उलट सगळेच जपून बोलू लागले आणि ते जपणेच त्यांना सोसवेना. ‘ताण नको’ म्हणून वर्षानुवर्षे त्यांनी निगुतीने सांभाळलेल्या फायली दुसऱ्याच्या टेबलावर गेल्या. मग त्या डबा घेऊन एकट्याच बसू लागल्या. त्यांनी काय लपवले होते? काहीच नाही. विहित नमुन्यात जे विचारले ते सगळे त्यांनी खरेखरे लिहिले होते. परंतु ते बिलासाठी लिहिले होते, चर्चेसाठी नव्हे.

हेच बिल पूर्वी कागदावर असते तर ते कपाटातल्या फायलीत राहिले असते. ते पाहायचे तर किल्ली मागावी लागली असती, कोणीतरी ‘कशाला हवी?’ असे विचारले असते, आणि शंभरजणांना वाटायचे तर शंभर प्रती काढाव्या लागल्या असत्या. हे कष्ट नकळत राखणदाराचे काम करीत. संगणकाने कष्ट वाचवले, त्याबरोबर हा राखणदारही गेला. शिवाय एकदा गेलेले परत बोलावता येत नाही. पासवर्ड उघड झाला तर बदलता येतो. हजेरीच्या यंत्रावर टेकवलेल्या अंगठ्याचा ठसा बदलून मिळत नाही, आणि आजाराचे नाव ऐकलेला कान पुसता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकत आहेत. तुमच्या हाती विद्यार्थ्यांच्या जातप्रमाणपत्रांच्या, ग्राहकांच्या खात्यांच्या, रुग्णांच्या तपासण्यांच्या नोंदी असतील. २०२३ साली संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थेसाठी जो इंग्रजी शब्द योजला आहे, त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा आहे. संमती सांगितलेल्या कारणापुरती आणि त्या कारणाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती, हे त्या कायद्याचे एक सूत्र आहे. व्यवहारात ते अवघड नाही. रक्कम तपासायची तर यादीत आजाराचा रकाना कशाला? ज्याची ओळ त्यालाच पाठवता येत नाही का? बारा अंकांपैकी शेवटचे चारच अंक दाखवणारे आधार उपलब्ध असताना आणि तेवढ्याने काम भागत असताना पूर्ण क्रमांक का मागावा?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत आपल्याला बहुधा रिकामी मूठ झाकण्याची चतुराई दिसते. मला तीत आणखी एक अर्थ दिसतो: मूठ ज्याची, ती उघडण्याचा अधिकारही त्याचाच. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणून आपली मूठ कोणी खुशाल उघडावी; तो त्याचा उदारपणा. परंतु फोनमधले नंबर मित्रांचे असतात, संगणकातली यादी सहकाऱ्यांची असते. दुसऱ्याच्या ठेवीवर उदार होण्याचा अधिकार विश्वस्ताला नसतो. यादी पुढे धाडण्यासाठी बोट उचलाल तेव्हा एवढाच प्रश्न मनाशी विचारा: ही मूठ कोणाची आहे?