हैदराबादच्या आधी

मुंबईतल्या माहुलच्या रस्त्यावर टँकरांची रांग, हवेत तेलाचा उग्र वास. दोन रिफायनऱ्यांच्या शेजारी राहून मी विजेच्या गाड्यांच्या शर्यती बघतो, याचं माझं मलाच हसू येतं.

आज दिलबाग गिल आठवले. 2014 मध्ये बीजिंगला फॉर्म्युला ई सुरू झाली, तेव्हापासून ते महिंद्रा रेसिंगचे प्रमुख. तेव्हा एका बॅटरीवर शर्यत पुरी होत नसे. चालक मध्येच पिटमध्ये शिरून दुसऱ्या गाडीत चढायचा. 2017 मध्ये बर्लिनला संघाला पहिला विजय मिळाला. 2022 मध्ये गिल यांनी संघ सोडला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये शर्यत प्रथमच भारतात, हैदराबादला आली. संघ होता, ते नव्हते.

त्याच 2022 च्या जानेवारीत फॉर्म्युला वनमध्ये संघप्रमुख ओटमार साफनाउअर यांनी अ‍ॅस्टन मार्टिन सोडली. हाच संघ विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया होता, तेव्हापासूनचे, 2009 चे जुने जाणते. मालक लॉरेन्स स्ट्रोल यांनी त्यांच्या वर मार्टिन व्हिटमार्श यांना आणून बसवलं होतं.

पैसा मालकाचा, निर्णयही त्याचाच, मान्य. पण कुठला नट केव्हा सैल होतो हे ठाऊक असलेला माणूस ताळेबंदात कुठेच दिसत नाही. मी मालक असतो, तर गिलना म्हटलं असतं, हैदराबाद होऊ द्या, मग बोलू.