आयतं उत्तर

सबमिशनचा सीझन आला की माझा फोन वाजायला लागतो. मावसभाऊ, शेजारच्या काकूंची मुलगी, मित्राचा पुतण्या... "दादा, लिंक्ड लिस्ट उलटी करायचा प्रोग्रॅम पाहिजे, उद्या सबमिशन आहे." पाहिजे म्हणजे अख्खा पाहिजे, कंपाइल होणारा!

आता हा प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा. लिहून द्यायला दोन मिनिटं, आणि नाही का म्हणतोय ते समजवायला अर्धा तास. शिवाय "एवढा इंजिनिअर झाला, पण पोराला दहा ओळी देववल्या नाहीत" हे पुढच्या लग्नात ऐकावं लागतं ते वेगळंच. पण त्या दहा ओळी कोणाला हव्या आहेत? डेटा स्ट्रक्चर्सच्या कुठल्याही पुस्तकात त्या छापलेल्या असतात. खरं काम आहे ते लिहिताना उडणाऱ्या गोंधळाचं. पुढच्या नोडचा पत्ता आधी जपून न ठेवता पॉइंटर फिरवला, की उरलेली लिस्ट हातची गेली. हे एकदा स्वतःच्या हातून झालं की जन्मात विसरत नाही. मी लिहून दिलं तर ते होणारच नाही.

माझे काही मित्र "गृहपाठ आहे ना? मग सांगणार नाही" म्हणून मोकळे होतात. हे सोवळं मला पटत नाही. रात्री अकराला सेगमेंटेशन फॉल्ट घेऊन बसलेल्या पोराला "स्वतः विचार कर" काय सांगायचं! ज्याचा मामा इंजिनिअर आहे त्याचं भागतं. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेलंय, त्याने कोणाला विचारायचं?

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ च्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट'मध्ये म्हटलंय, की शिक्षकाची मदत फार नको आणि फार कमीही नको. ते माप काढायची माझी पद्धत देशी आहे. "लिहिलंयस तेवढं पाठव." मग कागदावर तीन चौकोन काढायला लावतो, आणि एकेक बाण फिरवायला. बहुतेक वेळा दुसऱ्या बाणापाशीच पलीकडून "अरे हो!" ऐकू येतं. सॉफ्टवेअर इन्स्टॉलच होत नसेल तर मात्र उत्तर थेट देतो. त्यात शिकण्यासारखं फारसं नसतं, नुसती रात्र जाते.

असो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून अख्खा प्रोग्रॅम मागणारे फोन कमी झालेत. आता येतात ते असे: "दादा, प्रोग्रॅम चालतोय, पण उद्या ओरल आहे आणि तो कसा चालतो तेच कळत नाहीये."

कागद-पेन घेऊन बस म्हणतो.